उतारावरचं टायमिंग

हिंदुराव लोहारांचा ट्रक लिटरला सहा किलोमीटर द्यायचा, आणि कुंभार्ली घाटातलं हे सगळ्यात मोठं गूढ होतं. तोच घाट, तेवढाच माल, तसलंच इंजिन, पण बाकीच्यांच्या गाड्या साडेचारच्या पुढे काही सरकत नव्हत्या. साल होतं दोन हजार अडतीस. सपाटीच्या हायवेवर विजेचे ट्रक येऊन जुने झाले होते, पण सोळा टन माल पाठीवर घेऊन घाट चढायचा म्हटलं की त्यांच्या बॅटऱ्या धापा टाकायच्या. घाटाला अजून डिझेलच लागायचं, आणि डिझेल मिळायचं कार्डावर, आठवड्याला नेमून दिलेलं. संपलं की गाडी उभी. त्यामुळे घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीत क्रिकेट आणि राजकारण गेलं चुलीत, विषय एकच चालायचा. ॲव्हरेज.

"मामा, एकदा सांगून टाका की. टाकीत काय घालता?" कुणी ना कुणी रोज विचारायचंच.

"पायाची पुण्याई हाय बाबा," हिंदुराव बशीतला चहा फुंकत म्हणायचे. "तुमचा पाय म्हंजे मुसळ. माझा म्हंजे मोरपीस."

टपरीच्या शेजारीच त्यांच्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं गॅरेज होतं. नवरा गेल्यापासून सुमन ते एकटीनं चालवायची आणि अख्खा घाट तिला मिस्त्रीणबाई म्हणायचा. तिची मुलगी दुर्वा अकरावीत होती. मोरपिसाचं खरं काय ते जगात दोघांनाच माहीत होतं, एक मामा आणि दुसरी दुर्वा. ती आठ वर्षांची असताना मामांच्या केबिनमध्ये बसून चिपळूणला जायची. माथा ओलांडला की मामा तिच्याकडे बघून डोळा मारायचे आणि गियरची दांडी हळूच न्यूट्रलला ओढायचे. मग इंजिनाचा आवाज पार खाली बसायचा, वारा खिडकीतून आत घुसायचा, आणि ते सोळा टनांचं धूड पाळण्यातून सुटल्यासारखं घाट उतरायला लागायचं.

दुर्वाला त्यातलं शास्त्र पुढे शाळेत कळलं. गाडी गियरमध्ये असली की उतारावर चाकंच इंजिनाला फिरवतात, आणि इंजिन हवा दाबता दाबता गाडीला मागे खेचून धरतं. न्यूट्रल केलं की ही पकड सुटते. गाडी मोकळी पळते, आणि त्या वेगावर पुढचा छोटा चढ फुकटात निघून जातो. डिझेल वाचतं. पण गाडी धरायला मग फक्त ब्रेक उरतात, आणि घाटात सतत दाबलेले ब्रेक तापून तापून शेवटी लागायचेच बंद होतात. म्हणून न्यूट्रलवर घाट उतरणं हा गुन्हा होता. सापडला तर लायसन कायमचं गेलं. मामा तीस वर्षं सापडले नव्हते. कुठल्या वळणाच्या किती आधी गियर परत टाकायचा, हे त्यांच्या हाडांना पाठ होतं.

मग घाटात 'ताल' आला.

पुण्याच्या एका कंपनीनं जुन्या इंजिनांवर बसवायला काढलेला हा भाग होता. इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. ते कधी उघडायचे नि कधी मिटायचे, हे कॅम नावाचा दांडा ठरवतो, आणि त्याची वेळ कारखान्यातच लोखंडात घडवलेली असते. चढ असो, उतार असो, माल असो नसो, ठोका तोच. 'ताल'नं ही वेळच सुटी करून टाकली. कॅमच्या टोकाला त्याचं दातेरी चाक बसायचं, व्हॉल्व्हवर बारीक खिळ्या बसायच्या, आणि नखाएवढा संगणक प्रत्येक ठोक्याला ठरवायचा, आत्ता थोडं लवकर की थोडं उशिरा. शिवाय तो शिकायचा. एका गाडीनं शिकलेलं रोज संध्याकाळी सहा वाजता सगळ्या गाड्यांना जायचं.

दुर्वा त्याच्या प्रेमातच पडली. आईनं नट ढिले करावेत आणि दुर्वानं लॅपटॉप लावून दहा मिनिटांत 'ताल' जागा करावा, अशी त्यांची जोडी जमली. महिन्याभरात साठ गाड्या झाल्या, मामांचीही त्यातच. आदल्या वर्षीपर्यंत वर्गात हात वर करायला घाबरणारी पोरगी आता पन्नाशीच्या ड्रायव्हरना समोर बसवून शिकवत होती.

"हवा दाबायला जोर लागतो, बरोबर? आता दाबलेली हवा अगदी वरच्या टोकाला असताना व्हॉल्व्ह उघडला तर ती फुस्सकन निघून जाते. लावलेला जोर परत मिळतच नाही. म्हणजे उतारावर इंजिन गाडीला घट्ट धरून ठेवणार. सायलेन्सरमधला, धूर अडवून गाडी धरणारा तो जुना ब्रेकचा पडदा काढून टाका. हा त्याच्या दुप्पट धरतो."

आणि खरंच धरायचा. ड्रायव्हर खूश झाले. पडदे निघाले, गॅरेजमागे भंगारात त्यांचा ढीग लागला.

सुमनला मात्र ते रुचलं नव्हतं. "जे पान्यानं आवळता येत न्हाय, त्याच्यावर माझा भरवसा न्हाय," ती म्हणायची, आणि तरी बसवून द्यायची, कारण गिऱ्हाईक मागत होतं.

मग एक दिवस कंपनीचे बोंद्रे सर आले. टपरीत सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "प्रत्येक घाटात एक गुरू गाडी ठरवायचीय. पहिला महिना तिची चाल बघून बाकीच्या गाड्या शिकतील. पुढे रोजची गुरू गाडी यंत्र स्वतःच निवडेल, ज्या गाडीचं त्या दिवशीचं ॲव्हरेज सगळ्यात चांगलं, ती. पण पहिली तुम्ही सुचवा."

"हिंदुरावमामांची," दुर्वा म्हणाली. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्यानं.

मामांची बशी ओठांपाशीच थांबली. लोक टाळ्या वाजवत होते. पांगापांग झाल्यावर त्यांनी तिला गाडीच्या आडोशाला ओढलं. "दुर्वे, माझं नाव कशापायी घेतलंस? माझी चाल दाखवायची नसती गं."

"मामा, त्याला गियरची दांडी दिसतच नाही. तुमची गाडी जुनी, गियरबॉक्सला सेन्सरच नाही. तुम्ही न्यूट्रल केलंत हे त्याला कधीच कळणार नाही. तुमचा चढावरचा पाय तेवढा शिकेल."

मामांनी मिशीवरून हात फिरवला. स्तुती कुणाला कडू लागते? "मोरपीस शिकणार म्हण की मशीन."

दुर्वा म्हणाली त्यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं खरं होतं.

दोन महिन्यांत गाड्या पाचावर गेल्या, मग साडेपाचावर, मग सहावर. रोज संध्याकाळी सहाला फोनवर त्या दिवशीच्या गुरू गाडीचं नाव यायचं आणि टपरीत आरडाओरडा व्हायचा. सगळ्यात पुढे होता संपत जगताप. पाटणचा, तिशीतला, तोंडानं तिखट. "मामा, तुमच्या मोरपिसाला आता आमच्या घरच्या झाडूची टक्कर हाय," असं म्हणून तो त्यांच्याच बशीतला चहा पिऊन टाकायचा. मामा हसायचे. पोरावर जीव होता त्यांचा.

नेमकं तेव्हाच सुमननं एका शनिवारी दुकानाच्या पायरीवर झिजलेले ब्रेक लायनर ओळीनं मांडले. सात गाड्यांचे.

"हे बघ. लायनर सहा महिन्यांचं गिऱ्हाईक असतंय. ह्या सातीच्या सात गाड्या पाच आठवड्यांत परत आल्या. ड्रम तापून तापून निळे पडल्यात. सगळे म्हणत्यात, गाडी तिसऱ्या गियरमध्येच उतरवतो, न्यूट्रल कोण करतंय. मग एवढं जळतंय कशानं?"

"माल जास्त भरत असतील."

"सातीजणं?"

आठवी गाडी संपतची होती, लायनर बदलायलाच आलेली. आई चाकं खोलत असताना दुर्वानं सहज लॅपटॉप लावला. चढावरचे आलेख सुंदर होते, बघत राहावं असे. मग तिनं उताराचे उघडले, आणि लॅपटॉप जवळ ओढून पुन्हा पहिल्यापासून बघितले.

'ताल'ला न्यूट्रल नावाची गोष्ट माहीतच नव्हती. त्याला फक्त एवढं दिसलं होतं की ह्या घाटात गुरूची गाडी उतारावर मोकळी धावते, इंजिन तिला अडवत नाही, आणि त्यात डिझेल वाचतं. बाकीच्या गाड्यांना तसं कसं धावायला लावायचं? गियरची दांडी त्याच्या हातात नव्हती. हातात होते फक्त व्हॉल्व्ह. मग त्यानं हजारो फेऱ्यांत, केसाएवढा फरक करत करत, ड्रायव्हरच्या पायाला कळूही न देता, स्वतःची वाट शोधली होती. उतार लागला की सगळे व्हॉल्व्ह किंचित उघडेच ठेवायचे. हवा आत यायची, बाहेर जायची, उघड्या खिडकीतून जावी तशी. दाबलं काहीच जात नव्हतं. धरलं काहीच जात नव्हतं. काही महिन्यांपूर्वी ज्या खिळीनं गाडी दुप्पट धरली होती, त्याच खिळीनं ती आता सोडून दिली होती. फरक फक्त वेळेचा होता.

म्हणजे संपत तिसरा गियर टाकून, इंजिनानं गाडी धरलीय अशा भरवशावर घाट उतरत होता, आणि त्याला धरणारं मागे कुणीच नव्हतं. नुसता संपतच नव्हे, साठीच्या साठ गाड्या.

"काय गं? थोबाड का उतरलं?" संपतनं दारातून विचारलं. "माझ्या गाडीला दृष्ट लावलीस का काय?"

आता सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे हे सगळं आलं कुठून तेही सांगायचं. आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, चालक संघटना हिंदुरावांचा सत्कार करणार होती. तीस वर्षं विनाअपघात, घाटाचा गुरू. बोर्ड लागला होता, फेटा आला होता, मामी चिपळूणहून माहेरची चार माणसं घेऊन येणार होती. दुर्वानं मनात हिशेब केला. लायनर नवे आहेत. एक दिवस निघेल. सोमवारी सकाळी सगळं सांगून टाकू.

"काही नाही, संपतदा," ती म्हणाली. "लायनर नवे टाकलेत. घाटात जरा जपून जा."

"आता मिस्त्रीणबाईच्या हातचे लायनर म्हटल्यावर जपायचं कशाला?" तो हसला आणि चावी फिरवत निघून गेला.

रविवारी मामांच्या डोक्यावर फेटा संपतनंच बांधला. मामांनी माईक धरला, घसा खाकरला आणि जन्मभर सांगत आले तेच सांगितलं. "सगळी पायाची पुण्याई." हॉल हसला. दुर्वाच्या ताटातली जिलबी तशीच राहिली. आईनं दोनदा तिच्याकडे पाहिलं.

सोमवारी सकाळी शाळेच्या गणवेशातच ती मामांच्या गाडीपाशी गेली आणि एका दमात सगळं सांगितलं. मामा टायर ठोकून बघत होते. ते ऐकत राहिले आणि त्यांच्या हातातला रॉड हळूहळू खाली आला.

"कधी कळलं तुला हे?"

"शनिवारी."

"शनिवारी," मामा म्हणाले. "आणि काल मी फेटा घालून बसलो." त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, घाटाकडे बघितलं. "पोरी, मी न्यूट्रल मारायचो तवा मला ठाऊक असायचं, गाडी सुटलीय म्हणून. पाय ब्रेकवर, डोळा पुढल्या वळणावर. सुटलेली गाडी मी चालवत होतो. ह्या पोरांना वाटतंय, गाडी धरलेली हाय."

"मी कंपनीला सांगते. पण मामा, तुमचं लायसन..."

"जाऊ दे लायसन. तू कंपनीला सांग. टपरीत मी सांगतो. माझं पाप, माझ्या तोंडानं."

तिनं बोंद्रे सरांना फोन लावला आणि काही लपवलं नाही. "तू म्हणतेस ते तपासावं लागेल," ते म्हणाले. "मी वर कळवतो. पण रोजचा अपडेट आपोआप जातो. तो थांबवायला तीन सह्या लागतात, आणि त्यातली एक सही सध्या परदेशात आहे." मग, जरा दबक्या आवाजात, "आलेख तर इतके छान दिसत होते."

टपरीत साखरेच्या पोत्यांच्या गाड्या लागल्या होत्या, चिपळूणकडे उतरायच्या. मामा बाकावर उभे राहिले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खरं सांगितलं. न्यूट्रल, डोळा मारणं, वळणाआधी परत गियर, सगळं. गाड्या खाली नेऊ नका म्हणाले. आधी 'ताल' काढा, मग जा.

मग संपत खो खो हसला.

"मामा, तीस वर्षं आम्ही पाया पडून विचारलं, तवा म्हणालात मोरपीस. आता आमची गाडी साडेसहावर गेली तर म्हणताय न्यूट्रल?"

"संपत्या, तुझ्या मुलीची शपथ."

"माझ्या पोरीला कशाला मधी आणता? काल फेटा बांधला मी तुम्हाला. एक दिवस तरी मोठ्या मनानं राहायचं होतं." आता तो हसत नव्हता. त्याला खरंच लागलं होतं.

दुर्वा पुढे झाली. "संपतदा, मामा खरं सांगतायत. मी आलेख बघितलेत. तुमच्याच गाडीचे."

"कधी?"

"शनिवारी."

"शनिवारी तूच म्हणालीस ना, लायनर नवे हायत, जा?" संपत म्हणाला. "मग तवा खोटं बोललीस, का आत्ता बोलतीस?"

तो गाडीवर चढला. मामा धावत जाऊन दाराच्या दांड्याला लटकले, पण अठ्ठावन्नचा माणूस किती वेळ लटकणार? गाडी हलली तसे त्यांचे हात सुटले. संपतच्या मागे आणखी दोघे निघाले.

उरलेल्यांना थांबवायला मामांनी आपलीच गाडी घाटाच्या तोंडाशी, उतारावर नेली. पोत्यांनी भरलेली होती. इंजिन बंद केलं, दुसरा गियर टाकला, 'ताल' जागा राहावा म्हणून चावी चालू ठेवली. "बघा रे. भरलेली गाडी दुसऱ्यात टाकून उभी केली तर उतारावर हलती का?"

"हलायची न्हाय," कुणीतरी म्हणालं. हे तर सगळेच जण जन्मभर करत आले होते.

मामांनी हँडब्रेक सोडला. आतून बारीक टिकटिक ऐकू आली, खिळ्या सरकल्याची. आणि सोळा टनांची गाडी, गियरमध्ये असलेली गाडी, एक अक्षर न बोलता पुढे निघाली. मामांनी ब्रेक दाबून ती दहा पावलांवर थांबवली. एकानं आपल्या गाडीची चावी काढून सुमनच्या हातात दिली. मग दुसऱ्यानं दिली.

तेवढ्यात खालून हॉर्न आला.

एकदा वाजून थांबणारा नव्हे. दाबून धरलेला, न तुटणारा. ब्रेक गेलेला ड्रायव्हर समोरच्यांना बाजूला करायला असाच हॉर्न धरून ठेवतो, हे घाटातल्या लेकराबाळांनाही माहीत असतं. घाटात फोन लागत नव्हते. करण्यासारखं काहीच नव्हतं. सगळे कठड्यापाशी जाऊन उभे राहिले.

"संपत्या हाय," मामा म्हणाले. मग ओठ न हलवता बोलावं तसं, "डोंगराला घास. डाव्या अंगाला घास, पोरा. घास." आवाज एका वळणामागे गेला, पुन्हा वर आला, आणखी बारीक झाला. दुर्वानं आईचा तेलकट हात घट्ट धरला होता. हॉर्न बराच वेळ ऐकू येत राहिला, इतका की तो पोचेल खाली असं वाटायला लागलं. मग तो थांबला.

संपत शेवटच्या वळणापर्यंत पोचला होता. शेवटच्या वळणावर कठडा नव्हता. मागून गेलेल्या दोघांनी त्याचा हॉर्न ऐकून गाड्या डोंगराला घासून थांबवल्या, म्हणून ते वाचले.

दिवसभर सुमन 'ताल' काढत होती. दुर्वा शाळेत गेली नाही. नट ढिले करून करून तिच्या बोटांची सालं निघाली, पण ती थांबली नाही. मामा पोलीस चौकीत जाऊन लायसन टेबलावर ठेवून आले, आणि तिथून संपतच्या घरी गेले. त्या घरी काय झालं ते त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत सतरा गाड्या मोकळ्या झाल्या. बेचाळीस अजून रस्त्यावर कुठे कुठे होत्या.

सहा वाजता टपरीतल्या सगळ्या फोनवर एकदम टिंग वाजलं. शेवटच्या वळणाशी रेंज येते. तिथून संपतच्या गाडीनं आपली शेवटची फेरी इमानेइतबारे पाठवून दिली होती.

आजची गुरू गाडी, संपत जगताप. लिटरला आठ पूर्णांक दोन दशांश. आजवरचा उच्चांक. ही चाल उद्यापासून राज्यातल्या सर्व घाटांना लागू. अभिनंदन.

दुर्वानं ते एकदा वाचलं. बोंद्रे सरांचा फोन लागेना. पुन्हा लावला, पुन्हा लागेना. मग तिनं फोन आईकडे दिला, पाना उचलला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पाटणच्या बाजूनं एक भरलेला ट्रक घरघरत येत होता, काचेमागे 'ताल'चा हिरवा दिवा लावून. तिनं दोन्ही हात वर केले. ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला, शिव्या घालू लागला. ती हलली नाही. गाडी अजून चढावर होती. चढावरची गाडी थांबते.